सदनिका आपली, जमीन कोणाची?

सोसायटीचा २५ वर्षांचा इतिहास लिहून द्या, असं स्मरणिका समितीनं मला सांगितलं. आपला इतिहास तसा चार पानांत आटोपण्यासारखा आहे. पाण्याची नवी टाकी कधी बांधली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग किती वेळा केलं, गणपतीत मुलांनी कोणतं नाटक बसवलं, हे बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना या अंकातले फोटो सांगतीलच.

माझी ३४ वर्षं बँकेत गेली आणि त्यातली बरीचशी गृहकर्जाच्या टेबलावर. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे कागद वाचल्यावर सवय लागते ती लागतेच. म्हणून आपल्या तीन विंग आणि ६० सदनिकांकडे जरा लांबून बघायचं ठरवलं. आपल्यासारख्या सोसायट्या महाराष्ट्रात आल्या कुठून, इतक्या वाढल्या कशा, आणि रौप्यमहोत्सव साजरा करताना आपल्या हातात नेमकं आहे तरी काय, एवढाच या लेखाचा विषय.

सुरुवातीलाच एक आकडा सांगतो. सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साखर कारखाना नाहीतर जिल्हा बँक येते. पण राज्यात दोन लाखांहून जास्त सहकारी संस्था आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. म्हणजे नुसती डोकी मोजली तर महाराष्ट्रातला सहकार उसाच्या फडात कमी आणि जिन्याखालच्या सोसायटी ऑफिसात जास्त आहे. सभेला कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबून बसणारे आपण सगळे या मोठ्या कुटुंबातलेच.

आधी संस्था, मग जमीन

आपल्या देशात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली आला. तो फक्त पतपुरवठ्याच्या संस्थांसाठी होता. १९१२ च्या कायद्यानं इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर तीनच वर्षांत, १९१५ मध्ये, मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी नोंदली गेली. देशातलीच नव्हे तर आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था असा तिचा उल्लेख होतो. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँक उभी करणारेही तेच.

तेव्हाची मुंबई कशी होती, याची थोडी कल्पना करा. १८९६ ला प्लेग आला. कोंदट, दाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट गेली. शहर मोकळं करायला १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. कारवार भागातून नोकरीसाठी आलेल्या मध्यमवर्गीय सारस्वत कुटुंबांना परवडेल अशी हवेशीर जागा मिळत नव्हती. तालमकींनी सुचवलेला मार्ग सोपा होता. दहा-वीस कुटुंबांनी वेगवेगळी वणवण करण्यापेक्षा एक संस्था काढायची, संस्थेनं जागा मिळवायची, संस्थेनंच इमारत बांधायची, आणि सभासदांनी शेअर घेऊन आपल्याच संस्थेचे भाडेकरू व्हायचं. सहकार कायद्यात या प्रकाराला 'भाडेकरू सहभागीदारी' म्हणतात.

दुसरा प्रकार 'भाडेकरू मालकी'चा. यात जमीन संस्थेची आणि त्यावर प्रत्येक सभासदानं आपापलं घर बांधायचं. जुन्या बंगल्यांच्या अनेक कॉलन्या अशा उभ्या राहिल्या. पुण्याच्या सहकारनगरनं तर नावातच सहकार घेतला आहे.

या दोन्ही प्रकारांत एक क्रम आहे, तो लक्षात ठेवा. आधी माणसं एकत्र आली, मग संस्था झाली, मग जमीन आली आणि शेवटी घरं झाली. घराचं दार उघडण्याआधीच पायाखालच्या जमिनीचा प्रश्न सुटलेला असायचा.

क्रम कसा उलटला

स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत मुंबईतला मध्यमवर्ग मुख्यतः भाड्यानंच राहत होता. पैसेवाला माणूस चाळ किंवा इमारत बांधायचा, कारण भाडं म्हणजे खात्रीचं उत्पन्न. मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना घरमालकांच्या मनमानीपासून वाचवणं गरजेचंच होतं आणि त्या कायद्यानं लाखो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर टिकवलं, हे खरं. पण महागाई वाढत गेली, भाडं तिथंच राहिलं. मालकानं डागडुजी थांबवली आणि भाड्यासाठी नवी इमारत बांधणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार झाला. पागडी हा शब्द आपल्या आईवडिलांच्या तोंडी कायमचा बसला तो याच काळात.

आता बांधणाऱ्याला पैसा मोकळा करून घेण्याचा एकच रस्ता उरला, तो म्हणजे घरं भाड्यानं न देता विकून टाकणं. 'ओनरशिप फ्लॅट' आला तो असा. मालकी मिळते म्हणून लोक खूश, पैसा लगेच सुटतो म्हणून बिल्डर खूश. पण नियम काहीच नव्हते. पैसे घेतले आणि पावती नाही, एकच फ्लॅट दोघांना विकला, नकाशा एक आणि इमारत भलतीच, असे प्रकार होऊ लागले. शेवटी सरकारनं १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्ट आणला, तोच आपल्या बोलण्यातला 'मोफा'. या धंद्यात गैरप्रकार होत आहेत आणि ते वाढत आहेत, असं त्या कायद्याच्या उद्देशिकेतच नमूद आहे.

मोफानं बिल्डरवर तीन मोठ्या जबाबदाऱ्या टाकल्या. ठरावीक रकमेच्या वर पैसे घेण्याआधी लेखी करारनामा करून तो नोंदवायचा. पुरेसे ग्राहक झाले की त्यांची सोसायटी किंवा कंपनी स्थापन करून द्यायची. आणि सोसायटी झाली की चार महिन्यांच्या आत जमीन व इमारत तिच्या नावावर करून द्यायची. या शेवटच्या कामाला इंग्रजीत कन्व्हेयन्स म्हणतात, सरकारी मराठीत अभिहस्तांतरण. शब्द जड आहे. अर्थ एवढाच, की सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव चढलं पाहिजे.

म्हणजे १९१५ चा क्रम पन्नास वर्षांत पूर्ण उलटला होता. आता आधी बिल्डर, मग इमारत, मग माणसं, मग सोसायटी, आणि सगळ्यात शेवटी जमीन. शेवटी ठेवलेलं काम आपल्याकडे बऱ्याचदा राहूनच जातं. चार महिन्यांचं हे काम हजारो सोसायट्यांत चाळीस-चाळीस वर्षं राहून गेलं. बिल्डरला घाई नसते, कारण सगळे फ्लॅट विकून झालेले असतात आणि जमीन नावावर राहिली तर उद्या वाढीव बांधकामाचा हक्क सांगता येतो. सभासदालाही घाई नसते. किल्ली हातात आहे, वीजबिल नावावर आहे, शेअर सर्टिफिकेट कपाटात आहे, मग आणखी काय हवं?

कॉन्डोमिनियमची दुसरी वाट

पुण्यात राहणारे आपले नातेवाईक कधीकधी म्हणतात, "आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे." हा नुसता शब्दांचा फरक नाही. १९७० मध्ये महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट आला. परदेशात ज्याला कॉन्डोमिनियम म्हणतात ती पद्धत त्यानं इथे आणली. त्यात 'डीड ऑफ डिक्लरेशन' म्हणजे घोषणापत्र नोंदवावं लागतं. प्रत्येक सदनिकेचा मालक आपल्या घराचा पूर्ण मालक असतो, आणि जमीन, जिना, गच्ची यांत त्याचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा कागदावर लिहिलेला असतो.

सोसायटीत तसं नाही. सोसायटीत जमीन व इमारत संस्थेची आणि आपण संस्थेचे सभासद. एक सभासद, एक मत, मग घर वन रूम किचन असो की टू बीएचके. अपार्टमेंटमध्ये मतही हिश्श्याच्या टक्क्यानुसार मोजता येतं. दोन्ही पद्धतींना आपापले फायदे-तोटे आहेत. मुंबई-ठाणे पट्ट्यात सोसायटी रुळली, पुण्यात अपार्टमेंटही बरीच झाली.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. अपार्टमेंटच्या मालकाच्या कागदात जमिनीचा हिस्सा त्याच्याच नावानं लिहिलेला असतो. सोसायटीच्या सभासदाचा जमिनीवरचा हक्क सोसायटीमार्फत येतो. सोसायटीच्या नावावर जमीन आलीच नसेल, तर त्याचा हक्क मधल्या पायरीवर अडकलेला असतो.

माणसं कुठे गेली

आता जनगणनेचे आकडे पाहू. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून २०११ पर्यंतचेच देतो. सर्व आकडे लाखांत आहेत.

१९७१: मुंबई शहर जिल्हा ३०.७०, ठाणे जिल्हा २२.८२
१९९१: मुंबई शहर जिल्हा ३१.७५, ठाणे जिल्हा ५२.४९
२०११: मुंबई शहर जिल्हा ३०.८५, ठाणे जिल्हा ११०.६०

मुंबई शहर जिल्हा म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं जुनं बेट. चाळीस वर्षांत तिथली लोकसंख्या जवळजवळ जागेवर आहे. ठाणे जिल्हा मात्र, तेव्हा पालघर धरून, जवळपास पाचपट झाला आणि २०११ मध्ये देशातला सर्वात जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. मधल्या काळात उपनगरंही भरत आली होती. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बृहन्मुंबई १ कोटी १९ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली, म्हणजे वाढ चार टक्क्यांच्याही आत. उरलेली गर्दी सेंट्रल लाइनवर ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर अशी आणि वेस्टर्नवर मीरा रोड, वसई, विरार अशी उतरत गेली.

हे का झालं याची कारणं बरीच आहेत. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यानं मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवायला मनाई केली. हेतू चांगला होता, पण जमीन गरिबांच्या घरांना मिळण्याऐवजी सूट आणि कोर्टकचेऱ्यांतच अडकून राहिली. महाराष्ट्रात तो कायदा रद्द व्हायला २००७ उजाडलं. तोवर मुंबईतल्या किमती नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५२ लाख माणसं झोपडपट्टीत राहत होती, आणि त्याच शहरात ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरं रिकामी होती. ज्याला झोपडीत राहायचं नव्हतं आणि दादरला घर परवडत नव्हतं, त्यानं लोकलचा पास काढला.

आपली डोंबिवली या पासवाल्यांचीच. १९६० च्या दशकात इथे एमआयडीसी आली, पण शहराचा कणा होता सकाळी मुंबईला जाऊन रात्री परत येणारा कारकून, शिक्षक, बँकवाला. आधी चाळी आणि दुमजली घरं, मग तीन मजली लोड बेअरिंग इमारती, मग आपल्यासारख्या तळमजला अधिक चारच्या. लिफ्ट नाही, कारण तेव्हा चार मजल्यांना कोणी लिफ्ट मागत नव्हतं. आपण सगळे पस्तिशी-चाळिशीतले होतो, जिने दोन-दोन पायऱ्या टाकत चढत होतो.

आपण नेमके तेव्हाच का घर घेतलं

आपल्या बहुतेकांची बुकिंगं १९९८-९९ ची, सोसायटीची नोंदणी २००० ची. हा योगायोग नाही. त्या तीन-चार वर्षांत पगारदार माणसासाठी घराचं गणितच बदललं.

पूर्वी घर निवृत्तीच्या वेळी, प्रॉव्हिडंट फंडातून घ्यायचं असा रिवाज होता. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली आणि पगारावर घरासाठी लांब मुदतीचं कर्ज मिळू लागलं. १९८८ मध्ये नॅशनल हाउसिंग बँक आली. तरी नव्वदच्या दशकात व्याज जबरदस्त होतं. माझ्या स्वतःच्या कर्जाचा दर १४ टक्के होता. ३ लाखांचं १५ वर्षांचं कर्ज, हप्ता ३,९९५ रुपये. बायकोचा पगार जवळजवळ तेवढाच होता. म्हणजे एक पगार घराचा आणि एक पगार घरखर्चाचा.

मग दोन गोष्टी घडल्या. गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी आयकराची वजावट ३० हजारांवरून १९९९ मध्ये ७५ हजार, २००० मध्ये १ लाख आणि २००१ मध्ये दीड लाख झाली. आणि व्याजदर उतरू लागले. २००३-०४ पर्यंत ते साडेसात टक्क्यांच्या आसपास आले. त्याच ३ लाखांचा हप्ता साडेसात टक्क्यांनी २,७८१ रुपये येतो. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर या अकराशे-बाराशे रुपयांचा फरक मला स्पष्ट दिसायचा.

पण यात एक गोम होती. जो माणूस महिना ३,९९५ रुपये भरू शकतो, त्याला नव्या दरानं ४ लाख ३१ हजार कर्ज मिळू लागलं. हातात जास्त कर्ज आलं म्हणून घर स्वस्त झालं नाही. पुढे किमतीच वर गेल्या आणि कर्जाचा वाढीव पैसा त्यात जिरला. मुलांच्या पिढीला वाटतं की आम्हा म्हाताऱ्यांना घरं फुकटात मिळाली. फुकटात नाही मिळाली. पण व्याज उतरण्याच्या आणि भाव चढण्याच्या मधल्या छोट्या फटीत आपण आत शिरलो, हे मात्र खरं. आज त्यांच्यापुढे ती फट नाही, म्हणून हे जुनं घर त्यांच्यासाठीही मोलाचं आहे.

पंचवीस वर्षांत काय बदललं

पहिल्या वर्षी ६० च्या ६० घरांत मालक राहत होते. आज २२ घरं भाड्यानं आहेत. मालकांपैकी काही पुण्याला, काही बंगळुरूला मुलांकडे, तर काही परदेशात. मासिक देखभाल वेळेवर येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण वार्षिक सभेला समोर बसणारी तीच वीस-बावीस माणसं असतात.

इमारतीचंही वय झालं. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं आदर्श उपविधी सांगतात. आपलं शेवटचं ऑडिट सांगतं की इमारत धोकादायक नाही, पण ए विंगच्या कॉलमना आणि सगळ्या बाल्कन्यांना काम लागणार आहे. सी विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या एका ज्येष्ठ सभासद बाई गेल्या दीड वर्षात फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरल्या आहेत, त्याही खुर्चीत बसवून. त्या दोन-दोन पायऱ्या चढणाऱ्यांतल्याच एक.

त्यामुळे पुनर्विकासाचा विषय निघणं स्वाभाविक आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये मुंबई वगळून बहुतांश राज्याला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्यानंतर आपल्या रस्त्यावरही बिल्डरांच्या चकरा वाढल्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी किती टक्के जास्त जागा देतो याची चर्चा रोज चालते. लिफ्ट हवी, पार्किंग हवं, यात कोणाचंच दुमत नाही. मतभेद आहे तो पहिलं पाऊल कोणतं, यावर.

सातबारा काय सांगतो

आपल्या बिल्डरनं सोसायटी नोंदवून दिली, फाइल हातात ठेवली आणि "कन्व्हेयन्स नंतर बघू" असं सांगितलं. त्यानंतर दोन-तीन वर्षं पत्रं गेली, नोटीसही गेली. पुढे ती फर्मच बंद झाली. जमीन मूळ इथल्याच एका शेतकरी कुटुंबाची. त्यांनी बिल्डरशी विकास करारनामा केला होता. सातबारावर आजही त्यांचंच नाव आहे. मूळ मालक गेले. आधी तीन वारसांची नोंद होती, आता ती अकरावर गेली आहे. त्या माणसांशी आपलं काहीही वैर नाही, पण एक वस्तुस्थिती समजून घ्या. आपण जितकी वर्षं थांबू तितकी ही यादी लांबणार, आणि एफएसआय जितका वाढेल तितकी त्या जमिनीत प्रत्येकाची आस्था वाढणार.

काही सभासदांचं म्हणणं आहे की नवा बिल्डर येईल तोच कन्व्हेयन्सचं बघून घेईल. मी बँकेच्या कागदांवर हा प्रकार पाहिला आहे. पुनर्विकासाचा नकाशा मंजूर करायचा तर जमिनीच्या मालकीचे कागद लागतात. ते सोसायटीकडे नसतील तर नवा बिल्डर थेट मूळ मालकांच्या वारसांकडे जातो आणि त्यांचे हक्क आपल्या नावावर घेतो. मग वाटाघाटीच्या टेबलावर आपल्यासमोर बसलेला माणूस एकाच वेळी बिल्डरही असतो आणि जमीनमालकही. आपण फक्त राहणारे उरतो.

याला कायद्यानं उपाय दिला आहे. २००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आलं, त्याचे नियम २०१० मध्ये झाले. बिल्डर किंवा मूळ मालक सही करत नसेल, सापडत नसेल, हयात नसेल, तरी सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. ते सगळ्यांना नोटीस काढतात, म्हणणं ऐकतात आणि जमीन सोसायटीच्या नावे करण्याचा आदेश देतात. कायद्यात यासाठी सहा महिन्यांची कमाल मुदत आहे. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ जातो असं धरू. त्यानंतर मुद्रांक, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी आणि सातबारावर फेरफार.

नव्या इमारतींसाठी २०१७ पासून महारेरा आहे. देशात सर्वाधिक प्रकल्प नोंदणी महाराष्ट्रात झाली, ही चांगली गोष्ट. पण नुसता नोंदणी क्रमांक पाहून निश्चिंत होता येत नाही, हे आपल्याच महापालिकेच्या हद्दीत दिसलं. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ बेकायदा इमारतींचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. तिथे राहणाऱ्यांनी आपल्यासारखेच हप्ते भरले होते. आपली इमारत अधिकृत आहे, मंजूर नकाशा आपल्या फाइलमध्ये आहे. पण कागद तपासून घेण्याची सवय ही काही फक्त बँकवाल्यांनी लावून घ्यायची गोष्ट नाही.

४१ आणि १९

गेल्या सर्वसाधारण सभेनं मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करायचा ठराव केला आहे. नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, सातबारा उतारा, बिल्डरला पाठवलेली नोटीस, हे सगळं तयार आहे. अडलं आहे ते आपल्याच घरात. प्रत्येक सदनिकेच्या मूळ करारनाम्याची प्रत आणि सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, अर्जासोबत लावायचा आहे. आजवर ४१ सभासदांनी कागद दिले. १९ बाकी आहेत.

बाकी राहण्याची कारणं मला माहीत आहेत. कोणी कर्ज फिटल्यावर बँकेतून कागद आणलेच नाहीत. कोणी रीसेलमध्ये घर घेतलं आणि पहिल्या मालकाचा करारनामा मिळत नाही. कोणाचे कागद गावी आहेत. कोणाचे वडील गेले आणि भावंडांनी अजून नाव बदललेलं नाही. यातल्या प्रत्येकाला मार्ग आहे. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. बँकेला पत्र कसं लिहायचं ते मी लिहून देईन. दर रविवारी सकाळी १० ते १२ मी सोसायटी ऑफिसात बसतो. परदेशी असलेल्या सभासदांनी प्रत स्कॅन करून सचिवांना पाठवली तरी सुरुवात होईल.

पुनर्विकास करायचा की मोठी दुरुस्ती करून लिफ्ट बसवायची, हा निर्णय त्यानंतर आपण शांतपणे घेऊ. २०१९ च्या शासन निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश, म्हणजे आपल्याकडे ४० सभासद हजर लागतात आणि एकूण ६० पैकी किमान ३१ जणांची संमती लागते. ती चर्चा जोरात होऊ दे, वाद होऊ देत. पण ती चर्चा आपण जमिनीचे मालक म्हणून करावी, एवढीच इच्छा आहे.

गावदेवीच्या त्या माणसांनी ११० वर्षांपूर्वी आधी संस्था केली आणि मग घरात पाऊल टाकलं. आपण उलट्या क्रमानं आलो, त्याला इलाज नव्हता. राहिलेली पायरी मात्र आपल्याला चढता येते, आणि तिला लिफ्ट लागत नाही. ६० पैकी १९ घरांतलं एकेक कपाट तेवढं उघडायचं आहे.

सर्व सभासदांना, त्यांच्या मुलाबाळांना आणि इथे भाड्यानं राहून आपल्यातलेच झालेल्या कुटुंबांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.